एका ओळीचा पॅच

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय दिसेना, की आपण म्हणतो, ‘ड्रायव्हरच नाही.’ पुष्कळदा तो असतो. प्रत्येक पीसीआय कार्डाला दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा, एक त्या वस्तूचा. इंटेलचा ८०८६, रियलटेकचा १०ईसी. ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची यादी असते. जुनीच चिप नवा क्रमांक घेऊन बाजारात आली, की ड्रायव्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा पॅच म्हणजे काय, तर त्या यादीत एक ओळ.

ती ओळ पुरेल का, हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, न बांधताही तपासता येतं. सिसएफएसमध्ये त्या ड्रायव्हरच्या ‘न्यू_आयडी’ फाइलीत दोन्ही क्रमांक लिहायचे. कार्ड जागं झालं तर ठीक. नाही झालं, तर चिप आतून वेगळी असण्याचीच शक्यता जास्त, आणि मग एका ओळीने भागायचं नाही.

पॅच लावायचं साधन लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिलं, लिनक्सच्या सहा वर्षं आधी. आधी ‘ड्राय-रन’ घ्या. साधन ‘ऑफसेट’ म्हणालं तर बहुधा चालतं. ‘फझ’ म्हणालं तर फाइल उघडून वाचा. मग कर्नल बांधताना चालू कर्नलची कॉन्फिग बूट फोल्डरमधून उचला. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल मशीन उठवणारच नाही. आणि जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्या, हे तर सांगायलाच नको.

हे निव्वळ हौशी खूळ नव्हे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांनी तत्क्षणी जुळवायला घेतले. अशा कामात कर्नलच्या आत काय चाललंय, याकडे पाठ फिरवून चालत नाही.

बोर्ड विकणाऱ्या कंपन्यांचं मात्र वेगळंच. औषधाची मुळी ओळखता येईना म्हणून मारुतीरायाने डोंगर उचलला. या कंपन्यांना मुळी पक्की ठाऊक असते, तरी हाती डोंगरच देतात: स्वतः बदललेला, जुन्या आवृत्तीवर थिजलेला अख्खा कर्नल. त्यातून आपल्याला हवे तेवढेच बदल वेगळे काढणं, हीच खरी मेहनत.

काढलेत, तर घरात ठेवू नका. नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, आतले सांधे मुद्दाम बदलते ठेवलेले असतात, आणि तुमचा पॅच एक दिवस लागेनासा होतो. मुख्य कर्नलमध्ये गेला, तर सांधे बदलणाराच तुमची ओळही सांभाळतो. कोणाला पाठवायचा, हे ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून स्वतःचं नाव घाला. पहिलं उत्तर टॅबऐवजी स्पेस का दिल्या म्हणून येण्याचा संभव आहे. रागावू नका; दुरुस्त करा, विषयात ‘व्ही२’ लिहा आणि पुन्हा पाठवा.