म्पोला म्पोला, सेबो

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातले फादर येतात. मी त्यातला नाही. मी वसईचा, बी.टेक. केलेला, कोड लिहून पोट भरणारा. नोकरीतून वर्षभर रजा घेऊन युगांडात, मसाका शहराजवळच्या एका मिशन शाळेत कॉम्प्युटर शिकवायला गेलो होतो. आज तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतो.

पहिल्या दिवशी वाटलं, अरे, घरीच आलो की! गाड्या डावीकडून. माती कोकणासारखी लाल. कच्च्या रस्त्याला तिथेही ‘मुरम’ रोडच म्हणतात. कडेला फणस विकायला ठेवलेले, त्यांचं नाव ‘फेने’. सायकलवर हिरव्या केळ्यांचे एवढे घड लादलेले, की बसायला जागाच नाही; माणूस ती ढकलत नेतो. आम्ही वसईकर केळीवाले, तरी बघतच राहायचो. कंपालाहून मसाकाला येताना वाटेत विषुववृत्त लागतं. तिथे पांढऱ्या गोल कमानीत उभं राहून सगळे फोटो काढतात. मीही काढला.

आणि सगळीकडे बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली. पूर्वी केनियाच्या सीमेवर सायकलवाले ‘बॉर्डर, बॉर्डर’ ओरडत माणसं न्यायचे, त्यावरून हे नाव पडलं. बऱ्याचशा गाड्या आपल्या बजाजच्या बॉक्सर. हे बघून छाती जरा फुगायचीच.

मुरमाचा रस्ता उन्हात धूळ खायला घालतो आणि पावसात साबण होतो. एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता आणि मला तासाला उशीर झाला होता. मी मागून सारखं म्हणत होतो, ‘फास्ट, फास्ट!’ बोडावाला म्हणाला, ‘म्पोला म्पोला, सेबो.’ म्हणजे, सावकाश, साहेब. मी ऐकलं नाही. शेवटी त्याने वेग वाढवला. वळणावर समोरून ट्रक आला, त्याने गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक सरकलं.

माझं कोपर खरचटलं. त्याचा पाय गाडीखाली आला, घोट्याचं हाड मोडलं. हेल्मेट दोघांकडेही नव्हतं. डोकी वाचली हे नशीब.

दवाखान्याचे पैसे मी दिले. मला वाटलं, हिशेब मिटला. नंतर कळलं, गाडी त्याची नव्हतीच. मालकाला रोजचं भाडं द्यायचं आणि वर उरेल त्यात घर चालवायचं. पाय बरा होईपर्यंत ते उरणारंही बंद. मग शाळा सुटली की त्याच्याकडे जायला लागलो, जमेल तेवढा हातभार लावला. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने विचारलं, ‘सेबो, तुमचा तास मिळाला का?’

काय उत्तर देणार? मी सेवा करायला गेलो होतो ना!

दुसऱ्याच दिवशी हेल्मेट घेतलं आणि वीस मिनिटं आधी निघायला लागलो. आता इथे वसईत रिक्षात बसलो, बाइक टॅक्सीवर बसलो, तरी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘दादा, सावकाश चला, मला घाई नाही.’ कधीकधी घाई असते. तरी म्हणतो.

तुम्हीही म्हणून बघा. भेटू पुढच्या भागात.