मैदान कोणाचे?

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे टिकलेल्या कोणत्याही संस्थेला जागेचा प्रश्न कधी ना कधी पडलेलाच असतो. म्हणून आज अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगरातील एका क्रीडांगणाची हकीगत आपणांपुढे ठेवतो.

तेथील शाळा नगरपालिकेच्या अखत्यारीत नसतात. शाळामंडळ स्वतंत्रपणे निवडले जाते आणि मतदारांच्या संमतीने स्वतःचा कर उभारते. १९४६ मध्ये नगराने आपली एक जागा या मंडळाच्या स्वाधीन केली. पुढल्या वर्षी तीवर ‘मेमोरियल स्टेडियम’ उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या, त्याच नगरातील शाळांत शिकून गेलेल्या तरुणांचे ते स्मारक होय. १९५१ मध्ये तेथे उभारलेल्या भिंतीवर सातशेहून अधिक नावे कोरलेली आहेत. तिचे संकल्पचित्र एका शाळकरी मुलीने केले होते.

१९६२ मध्ये याच परिसरात जागतिक प्रदर्शन भरले आणि पुढे ती भूमी नगराचे सार्वजनिक केंद्र बनली. परिणामी नगराच्या उद्यानाच्या मधोमध शाळामंडळाची जमीन, असा पेच निर्माण झाला. नगराला तेथे मोकळी हिरवळ हवी होती. २००८ च्या आराखड्यात तसे नमूदही झाले. मंडळाला मुलांच्या सामन्यांसाठी मैदान हवे होते. दोन्ही बाजू न्याय्य होत्या, आणि म्हणूनच तडजोड दुर्घट झाली. वाटाघाटी चालत राहिल्या; इमारत मात्र जीर्ण होत गेली.

मार्ग निघाला तो प्रश्न बदलल्यावर. ‘जमीन कोणाची?’ याऐवजी ‘भार कोणी किती उचलावा?’ असे विचारले गेले. २०२२ मध्ये मतदारांनी शाळांसाठी जो कर मंजूर केला, त्यात या मैदानाकरिता ६ कोटी ६५ लाख डॉलर होते. नगराने ४ कोटी देऊ केले. मालकी मंडळाकडेच राहावी, शालेय सामन्यांना अग्रक्रम मिळावा, एरवी मैदान सर्व नागरिकांच्या उपयोगी पडावे, असे ठरले. नव्या बांधणीतही ती भिंत जतन करण्याचे मान्य झाले.

मित्रहो, दप्तरे दोन असली तरी दोहोंचा कर भरणारा नागरिक एकच असतो. त्या भिंतीवरील तरुण ना मंडळाचे होते, ना नगरपालिकेचे. ते त्या गावाचे होते. आपल्या ग्रंथालयावर पुढील शंभर वर्षांत असा प्रसंग आलाच, तर सातबारा अवश्य पाहावा. परंतु संध्याकाळी दार कोण उघडणार आणि दिवा कोण लावणार, हे आधी लिहून ठेवावे. संस्था टिकते ती त्या कागदावर.