मनीचें समुद्रोल्लंघन

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना हंसूं येईल. मांजर परदेशीं कसें न्यावें, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असें कोणी म्हटल्यास मी त्याला दोष देणार नाहीं. कारण दोन वर्षांपूर्वीं मी स्वतः तेंच म्हणालों असतों. परंतु आज सोलापुरासारख्या शहरांतूनहि घरोघरचीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं समुद्रापलीकडे जात आहेत, आणि ज्या घरांत मांजर आहे तेथें सामानाची बांधाबांध सुरू झाली कीं एक प्रश्न हटकून उभा राहतो : मांजराचें काय करावयाचें? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं, हें मला अनुभवानें कळलें, आणि तो अनुभवच आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

मांजर आणि समुद्रप्रवास यांची गांठ आजकालची नव्हे. भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याच्या सांगाड्याशेजारीं मांजराचा सांगाडा सांपडल्याचें २००४ सालीं फ्रेंच संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. मांजर हा त्या बेटावरचा मूळचा प्राणी नव्हे. अर्थात् कोणीतरी तें होडींत घालून नेलें असलें पाहिजे. पुढें उंदरांपासून धान्याचें व मालाचें रक्षण व्हावें म्हणून गलबतावर मांजर ठेवण्याचा परिपाठच पडला, आणि अशा रीतीनें हा प्राणी बंदरोबंदरीं पसरला. त्या काळीं त्याला ना परवाना लागे, ना दाखला. आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्र ओलांडून आलेल्या मनुष्याला प्रायश्चित्त घ्यावें लागे, मांजराला मात्र कांहींच नसे. आज मनुष्याचें प्रायश्चित्त सुटलें आहे, आणि तें मांजराच्या माथीं आलें आहे.

या प्रायश्चित्ताचें मुख्य कारण रेबीज, म्हणजे आपण ज्याला पिसाळणें म्हणतों तो रोग. लक्षणें दिसूं लागल्यावर त्यांतून वांचणें जवळजवळ अशक्य. १८८५ सालीं पाश्चर यांनीं पॅरिस येथें जोसेफ मेस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून प्रतिबंधाचा मार्ग दाखविला, आणि १९०० सालीं आपल्या देशांतहि कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. तथापि भारतांतून हा रोग अद्याप गेलेला नाहीं. ब्रिटननें तो १९०२ सालीं हद्दपार केला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हां शिरला, आणि १९२२ सालीं त्याचें पुनश्च निर्मूलन झालें. एकदां हात पोळलेल्या त्या देशानें मग बाहेरून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना सहा महिने विलगवासांत ठेवण्याचा नियम अनेक वर्षें कडकपणें पाळला. २००० सालीं तो कांहीं ठराविक देशांपुरता सैल झाला, व २०१२ च्या आरंभापासून आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांनाहि सवलत मिळाली. विलगवासाच्या जागीं आतां चिप, लस, रक्ततपासणी आणि मुदत हीं आलीं आहेत.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. माझ्या मुलीच्या घरीं मनी नांवाची मांजरी आहे. जांवयांना इंग्लंडांत नोकरी लागली आणि जाण्याचें ठरलें, तेव्हां मुलगी म्हणाली, "नाना, मनीला बरोबर नेणार आहों."

मी म्हणालों, "अग, कुत्रें माणसाला जीव लावतें आणि मांजर घराला. आमच्याकडे ठेव. चार दिवस दूध मिळालें कीं ती तुला विसरेल."

त्यावर ती म्हणाली, "नाना, आम्ही तें घरच मोडीत आहों. मग तिनें जीव कशाला लावावा? भिंतींना?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी गप्प बसलों, आणि कागदपत्रांच्या कामांत तिला मदत करूं लागलों. परंतु त्या मदतीनेंच सर्व घोंटाळा झाला.

मनीला रेबीजची लस वेळेवर टोचलेली होती व तिची नोंदवही जपून ठेविली होती. राहतां राहिली चिप. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक बारीक कुपी. ती सुईनें मानेमागील कातडीखालीं सोडतात. तींत बॅटरी नसते; वाचक यंत्र जवळ धरलें म्हणजे १५ आंकडी क्रमांक दिसतो. ती निघण्यापूर्वीं सवडीनें बसवूं, असा सल्ला मींच दिला. सर्व कागद जमले म्हणजे झालें, क्रम कसाहि असेना, अशी माझी समजूत. नियम मात्र असा आहे कीं चिप आधीं, किंवा फार तर त्याच दिवशीं, आणि लस नंतर. कारण उघड आहे. ज्या प्राण्याची ओळखच पक्की झालेली नाहीं, त्याला दिलेली लस त्यालाच दिली हें सिद्ध कसें व्हावें? हजेरीपटावर नांव नसलेल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेला मी जन्मभर किंमत दिली नाहीं. पण तोच न्याय मांजराला लावण्याचें मला सुचलें नाहीं. मनीची जुनी लस फुकट गेली. चिप बसवून नवी लस टोचावी लागली.

पुढचा हिशेब ऐका. ब्रिटनच्या व युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें भारतांतून जाणाऱ्या मांजराचें रक्त लसीनंतर निदान ३० दिवसांनीं काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावें लागतें. त्यांत दर मिलीलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकीं प्रतिद्रव्यें आढळलीं पाहिजेत. तीं आढळल्यावरहि लगेच निघतां येत नाहीं. रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबावें लागतें. लसीपूर्वींच रोगाचें बीज शरीरांत शिरलें असेल तर तें या मुदतींत उघडकीस यावें, हा त्यांतील हेतु. एकूण चार महिने झाले. आपण पुढें जावें व मांजर मागून कोणाकडून तरी पाठवावें, ही युक्तीहि फारशी चालत नाहीं. मालकाचा व प्राण्याचा प्रवास यांत पांच दिवसांहून अधिक अंतर पडलें, तर तो प्राणी पाळीव न समजतां व्यापारी मालांत धरला जातो, व त्याचे नियम निराळे.

शेवटीं जांवई एकटे पुढें गेले, आणि मुलगी मनीला घेऊन चार महिन्यांसाठीं आमच्याकडे राहावयास आली. मांजरापायीं नवराबायकोंनीं ताटातूट सोसावी, हें नातलगांना रुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाहि रुचलें नाहीं. आणि चूक माझी असल्यामुळें तर मी अधिकच चिडलों. एके दिवशीं जेवतांना मी बोलून गेलों, "एका मांजरासाठीं संसार अडवून धरणें हें कांहीं शहाणपणाचें नव्हे." मुलगी ताटावरून उठली नाहीं, पण त्या दिवशीं ती माझ्याशीं पुन्हां बोलली नाहीं. रात्रीं तिची आई मला म्हणाली, "अहो, लग्नानंतर ती सलग चार महिने आपल्याजवळ कधीं राहिली होती का? आणि यापुढें कधीं राहील?" मला त्या रात्रीं लवकर झोंप आली नाहीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणावर असा प्रसंग आला तर माझी चूक आपण करूं नये, म्हणून कांहीं गोष्टी नीट सांगतों. पहिली ही कीं सर्व देशांचे नियम सारखे नाहींत. जपानांत भारतांतून मांजर न्यावयाचें तर रक्त काढल्यावर १८० दिवस थांबावें लागतें. ऑस्ट्रेलिया भारतांतून थेट आलेलें मांजर घेतच नाहीं. तें आधीं त्या सरकारनें मान्य केलेल्या तिसऱ्या देशांत न्यावें लागतें, आणि पुढें मेलबर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी विलगवासांत राहावें लागतें. अमेरिकेचें मध्यवर्ती सरकार मांजरासाठीं रेबीजच्या लसीचा दाखला मागत नाहीं. परंतु तेथील राज्यें व विमानकंपन्या यांचे नियम वेगळे असूं शकतात, आणि हवाई बेटांचा कायदा तर स्वतंत्रच आहे. नियम बदलतहि असतात. म्हणून ज्या देशीं जावयाचें त्या देशाच्या सरकारी खात्याचें पत्रक स्वतः वाचावें. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये, आणि माझ्यासारख्या मास्तराच्या तर नाहींच नाहीं. जाण्याचें ठरण्याची वाट न पाहतां, जाण्याचा संभव दिसूं लागतांच चिप बसवावी. पुढचे महिने त्यानें वांचतात.

दुसरी गोष्ट पेटीची. पेटी भक्कम व हवेशीर असावी, आणि तींत मांजराला उभें राहतां, वळतां व अंग पसरून निजतां आलें पाहिजे. पाण्याचें भांडें दार न उघडतां बाहेरून भरतां येईल असें बसवावें. ही पेटी प्रवासापूर्वीं कित्येक आठवडे घरांत उघडी ठेवावी व मांजराचें खाणें तींतच द्यावें. म्हणजे प्रवासाच्या दिवशीं तें तींत आपल्या घराप्रमाणें शिरतें. मनी पहिले आठ दिवस पेटीकडे फिरकली नाहीं. महिन्यानें ती दुपारची झोंप तेथेंच काढूं लागली. प्रवासांत मांजर शांत राहावें म्हणून गुंगीचें औषध देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. उंचावर अशा औषधानें रक्तदाब व श्वसन यांवर विपरीत परिणाम होऊं शकतो, म्हणून पशुवैद्य तें सहसा देत नाहींत.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष प्रवासाची. आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ सालीं प्रवासी विमानें सुरू झालीं खरीं, परंतु परदेशीं जाण्यास मुंबई गांठावी लागते. आम्ही सुमारें ४०० किलोमीटरचा तो रस्ता मोटारीनें रात्रीं, थंड वेळेला काटला. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याचें प्राण्यांच्या विलगीकरणाचें व प्रमाणपत्रांचें केंद्र मुंबईस आहे. दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथेंहि तशीं केंद्रें आहेत. तेथून निर्यातीचा दाखला घ्यावा लागतो. ब्रिटनला जाणारें मांजर आपल्या शेजारीं बसून जाऊं शकत नाहीं. तें मालाच्या कप्प्यांतूनच गेलें पाहिजे. हें ऐकून माझ्या पत्नीनें डोळ्यांना पदर लावला. परंतु जिवंत प्राणी ज्या कप्प्यांत ठेवितात तेथें हवेचा दाब व उष्णता राखलेली असते. १९४८ सालीं ८ जूनला मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें पहिलें विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें होतें. आतां मध्यें न उतरतां तें अंतर एका दमांत तोडतां येतें. मांजराच्या दृष्टीनें थेट विमान हीच सर्वांत मोठी दया होय.

येथें एका अवघड प्रश्नाला हात घातला पाहिजे. प्रत्येक मांजर न्यावेंच काय? मला तसें वाटत नाहीं. फार वृद्ध, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारानें जर्जर झालेलें मांजर, अथवा चपट्या नाकाचें, श्वासाला आधींच जड असलेलें पर्शियन मांजर यांना हा प्रवास धोक्याचा आहे, आणि पशुवैद्यानें नको म्हटल्यास हट्ट धरूं नये. खर्चहि मोठा आहे, व तो प्रत्येकाला झेपेल असें नाहीं. अशा वेळीं त्याला ओळखीच्या, प्रेमळ घरीं ठेवणें यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र निघण्याच्या आधीं महिनाभर त्याला त्या घराची संवय करावी. जें मुळींच करूं नये तें असें कीं पोत्यांत घालून मंडईजवळ किंवा देवळापाशीं सोडून देणें. घरांत वाढलेल्या मांजराला उंदीर मारून पोट भरतां येईलच असें नाहीं. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितींत टाकून जाणें हा १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच होता.

आपल्या शास्त्रकारांनीं मर्कटकिशोर व मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरून असतें. मांजराचें पिलूं कांहींच धरीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. भक्तानें देवावर भार टाकावा तो कसा, हें सांगण्यासाठीं हा दाखला देतात. मला त्यांत देवाच्या बाजूचा अर्थ नव्यानें दिसला. जो धरून नेतो, त्याच्यावर सगळी जबाबदारी असते. धरलेल्याला तर कोठें चाललों हेंहि ठाऊक नसतें. मुलीनें मनीला तसें धरलें होतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मुलीनें आमच्या अंथरुणावरची जुनी सोलापुरी चादर मागून घेतली आणि तिचा अर्धा भाग कापून पेटींत अंथरला. ओळखीच्या वासानें मांजराला धीर येतो. दुसऱ्या दिवशीं तिचा फोन आला. हीथ्रोच्या विमानतळावरील प्राण्यांच्या केंद्रांत कागद व चिप तपासून मनी कांहीं तासांनीं ताब्यांत मिळाली होती. नव्या घरांत तिनें प्रथम पाणी प्यालें, खोलीचे चारी कोपरे हुंगले, आणि मग पेटींतली चादर बाहेर ओढून तीवर ती निजली. पहिले कांहीं आठवडे तिला घराबाहेर सोडूं नकोस, एवढें मीं बजावलें. नव्या जागीं मांजर वाट चुकतें. "बरें, नाना," असें मुलगी म्हणाली. मग थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं.

चादरीचा उरलेला अर्धा भाग आमच्याकडे आहे. फाटका आहे, तरी पत्नी तो टाकूं देत नाहीं, आणि मीहि तसें सुचविलेलें नाहीं.