रोटर कोठे आहे?

(हीरक महोत्सवानिमित्त कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात केलेले भाषण)



या सदनाच्या फाटकाशी आपण थोडा वेळ उभे राहिलात, तर विजेवर चालणारी एखादी बस जाताना दिसेल. थांब्यावरून ती गाजावाजा न करता, हिसका न देता निघते. त्या पहिल्या क्षणाविषयीच मला बोलायचे आहे. त्या क्षणी मोटरच्या नियंत्रकाला एक प्रश्न सोडवावा लागतो : फिरता भाग, म्हणजे रोटर, या घडीला नेमका कोठे आहे?

शाळेच्या प्रयोगशाळेतील छोट्या मोटरला हा प्रश्न पडत नसे. रोटर फिरे तसतसे ब्रश आणि कॉम्युटेटर प्रवाहाची दिशा आपोआप पालटत. नव्या मोटरमध्ये ब्रश नाहीत. रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि भोवती तारेची स्थिर वेटोळी. कोणत्या वेटोळ्यात प्रवाह केव्हा सोडावा, हे नियंत्रक ठरवतो. पण त्याला डोळे नाहीत. (जवळच्या बाराखंबा रोड स्थानकावर येणाऱ्या मेट्रोची गोष्ट निराळी. इंडक्शन मोटरच्या रोटरवर कायमचे चुंबक नसतात, म्हणून तिथे वेग कळला तरी काम भागते.)

हे डोळे एका जुन्या शोधाने दिले. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याला आढळले, की सोन्याच्या पातळ वर्खातून वीज वाहत असताना चुंबकीय क्षेत्र लावले, तर आडव्या दिशेला अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. आज याच तत्त्वावरचे तीन लहानसे संवेदक मोटरमध्ये बसवतात. प्रत्येक जण समोर कोणता ध्रुव आहे एवढेच सांगतो, ‘होय’ किंवा ‘नाही’. तिघांच्या साक्षीतून सहा वेगळ्या स्थिती ओळखता येतात. तिघेही ‘होय’ किंवा तिघेही ‘नाही’ असे निरोगी मोटरमध्ये कधीच घडत नाही.

घरातल्या नव्या, वीज वाचवणाऱ्या पंख्यांत बहुधा हे संवेदकही नसतात. चुंबक फिरू लागले की वेटोळ्यांत उलटा विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरूनच रोटर कोठे आहे ते ओळखतात. पण थांबलेल्या पंख्यात तो दाब शून्य! म्हणून असा पंखा सुरू होताना कधी कधी जरासा मागेपुढे डुलतो. पंख्याला ते शोभते. चढावर प्रवाशांसह उभ्या असलेल्या गाडीला नाही.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही एका पावसाळ्यानंतर मी चुकलो. ओळखीच्या एका चालकाची ई-रिक्षा निघताना थरथरू लागली, भार ओढीना. मी आवाज ऐकला आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, “मोटर गेली. नवी घ्या.” त्याने उसनवारीची तजवीज सुरू केली. तीन दिवस रिक्षा उभी होती.

चौथ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींनी मागची चाके जमिनीवरून उचलली, मल्टिमीटर जोडला आणि चाक हाताने सावकाश फिरवले. दोन संवेदकांच्या तारांवर काटा शून्य ते पाच व्होल्ट असा वरखाली होत होता. तिसऱ्या तारेवर तो पाचवरच खिळलेला. एक साक्षीदार कायम ‘होय’ म्हणत होता. म्हणजे सहापैकी तीन स्थितींत नियंत्रकाला खोटी खबर मिळत होती. संवेदकही शाबूत निघाला; पाणी शिरून जोडणीची पिन गंजली होती. मिस्त्रींनी ती कापली, तार थेट जोडली, वर टेप गुंडाळली. मोटर तीच राहिली.

त्या चालकाची तीन दिवसांची कमाई मी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती मोजून घेतली. मिस्त्रींनी मात्र माझ्याकडून चहाखेरीज काही घेतले नाही, आणि चहा पिता पिता विचारले, “साहेब, तुम्ही चाक फिरवून का नाही पाहिलंत?”