पैशाला पारपत्र, बांबूला नाका

बल्लारपूरचा कागद कारखाना वाढला तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर. १९७३च्या फेरा कायद्याची जागा २००० साली फेमाने घेतली आणि भांडवलाची परदेशाची वाट रुंद झाली. त्याच वाटेने २००७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने सुमारे २६ कोटी डॉलर मोजून मलेशियातील सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कंपनी, कारखाना व लाकूडतोडीच्या हक्कांसह, विकत घेतली.

त्या वेळी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला मात्र आपल्याच जंगलातला बांबू विकण्याची मुभा नव्हती. सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये; वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला २०११ मध्ये. समुद्रापारचे जंगल घेणे सोपे, शिवेवरचा बांबू विकणे अवघड, असा हा न्याय!

सबाहची मालमत्ता विकण्याचा २०१५चा करार तडीस गेला नाही. २०२० मध्ये कंपनीवरच नादारीची कारवाई सुरू झाली.

पैसा सीमेपार जाताना ताळेबंद तपासला जातो. ज्यांच्या जंगलावर आणि घामावर तो साठला, त्यांचे मत विचारले जात नाही. ते विचारणे भाग पाडणे, हे ग्रामसभांचे व कामगार संघटनांचे समान कार्य आहे.