एका होडींतील विद्यार्थी

निरनिराळ्या देशांचीं मुलें एका शाळेंत आणून बसविलीं कीं त्यांच्यांत आपोआप बंधुभाव उत्पन्न होतो, अशी एक गोड समजूत आहे. ज्यानें चार वर्षें वर्ग सांभाळला असेल, त्याला ती पटावयाची नाहीं. एकाच गांवचीं, एकच भाषा बोलणारीं मुलेंसुद्धां पहिल्या दिवसापासून आपापले कंपू करून बसतात; मग देशोदेशींहून आलेल्यांची गोष्ट काय सांगावी? शेजार आणि स्नेह या दोन वेगळ्या वस्तु आहेत. पहिल्यांतून दुसरा निर्माण व्हावयास मध्यें कांहीं तरी घडावें लागतें. तें काय, याचा शोध घेणारा एक मोठा प्रयोग १९६२ सालीं वेल्सच्या समुद्रकांठीं सुरू झाला.

त्यामागील कल्पना कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांची. त्यांचा जन्म १८८६ मध्यें बर्लिन येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. जर्मनींत सालेम येथें १९२० मध्यें निघालेल्या शाळेचे ते चालक होते. नाझींना विरोध केल्यामुळें १९३३ मध्यें त्यांना अटक झाली. सुटकेनंतर देश सोडावा लागला, आणि १९३४ मध्यें त्यांनीं स्कॉटलंडांत गॉर्डनस्टन ही शाळा काढली. पुढें १९५५ मध्यें पॅरिस येथील नाटो संघटनेच्या संरक्षण महाविद्यालयांत ते व्याख्यानासाठीं गेले असतां, पूर्वीं परस्परांचे वैरी असलेल्या राष्ट्रांचे लष्करी अधिकारी तेथें एका कामांत गढून गेलेले त्यांनीं पाहिले. प्रौढपणीं जें साधतें, तें सोळा-सतराव्या वर्षीं अधिक चांगलें कां साधूं नये, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. सेंट डोनाट्सच्या जुन्या किल्ल्यांत निघालेलें अटलांटिक कॉलेज हें त्या प्रश्नाचें उत्तर होय. नांव कॉलेज असलें, तरी ती मुख्यतः माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांची निवासी शाळा. आरंभीं तेथें फक्त मुलगे होते. १९६७ पासून मुलीहि येऊं लागल्या.

किल्ल्याखालीं ब्रिस्टलची खाडी पसरली आहे. तिची भरती-ओहोटी जगांतील अतिशय मोठ्या भरती-ओहोटींपैकीं एक आहे. अशा पाण्यांत सांपडलेल्यांना वाचविण्याचें काम पहिले मुख्याध्यापक रिअर ॲडमिरल डेस्मंड होर यांनीं विद्यार्थ्यांवर सोंपविलें. १९६३ मध्यें ब्रिटनच्या राष्ट्रीय जीवरक्षक-नौका संस्थेचें ठाणें तेथें स्थापन झालें. २०१३ मध्यें तें बंद झालें, तोंपर्यंत पन्नास वर्षें त्या नौकांवर विद्यार्थी काम करीत होते.

हवा भरलेल्या रबरी होड्या हलक्या व चपळ खऱ्या, परंतु किनाऱ्यावर घासून त्यांचा तळ झिजे आणि फाटे. होर यांनीं व विद्यार्थ्यांनीं एकामागून एक होड्या बांधून पाहिल्या. अखेर खालीं टणक तळ आणि भोंवतीं हवेची नळी अशी होडी सिद्ध झाली. तिचें पेटंट १९७३ मध्यें त्या संस्थेला अवघ्या एका पौंडाला देण्यांत आलें. त्या जातीच्या होड्या आज जगभर वापरांत आहेत.

त्या होडींत विद्यार्थी काय शिकला? सुकाणूं धरणारा एका देशाचा, दोर फेंकणारा दुसऱ्या देशाचा. सोबत्याचा उच्चार विचित्र वाटतो म्हणून त्याची सूचना कानाआड केली, तर बुडणाऱ्या तिसऱ्याचा जीव जावयाचा. तेथें परक्यावर विश्वास ठेवणें ही शिष्टाचाराची बाब राहत नाहीं, ती गरज होते. असा विश्वास दहा वेळां खरा ठरला, कीं त्याचाच स्नेह बनतो.

वर्गांतील शिक्षणहि याच धोरणानें आंखलेलें आहे. १९६८ मध्यें जिनीव्हा येथें स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या शाळेनें १९७१ मध्यें स्वीकारला. त्यांत सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध आणि ‘आपल्याला जें ठाऊक आहे तें कशावरून ठाऊक आहे’ याचा विचार करावयास लावणारा एक पाठ असतो. स्वतःच्या भाषेच्या वाङ्मयाला त्यांत मानाचें स्थान आहे. त्या भाषेचा शिक्षक शाळेंत नसला, तरी विद्यार्थ्याला तें स्वतः वाचून अभ्यासण्याची सोय आहे. ही सोय लहान नव्हे. सोळाव्या वर्षीं घर सोडलेल्या मुलाला जेवणाची चव परकी, हवा परकी आणि वर्गाची भाषाहि परकी असते. इंग्रजी अडखळत बोलणारा हुशार मुलगा मठ्ठ समजला जाण्याचा धोका तेथें नेहमींच असतो. त्याची मातृभाषा शाबूत राहिली, तरच त्याचें मन ताठ राहतें.

या शाळेंतून पुढें युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस हा शाळांचा संघ वाढला. त्यांतील मोस्तारची शाळा विशेष बोधप्रद आहे. बोस्नियांतील त्या शहरांत १९९० नंतरच्या युद्धांत क्रोएट व बोस्नियाक हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांवर उठले. तेथील जुन्या माध्यमिक शाळेची इमारत लढाईंत उद्ध्वस्त झाली. ती पुन्हां उभी राहिली, परंतु एकाच छपराखालीं दोन समाजांच्या मुलांना दोन निरनिराळे अभ्यासक्रम, अशी वांटणी कायम राहिली. २००६ मध्यें या संघाचें कॉलेज त्याच इमारतींत उघडलें, आणि दोन्ही समाजांचीं कांहीं मुलें परदेशी सोबत्यांसह एका वर्गांत बसूं लागलीं. शेजार पुरेसा नसतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

आपल्या महाराष्ट्रांतहि १९९७ मध्यें मुळशी तालुक्यांत पौडजवळच्या टेकडीवर या संघाचें कॉलेज निघालें. तेथील देशोदेशींचे विद्यार्थी अभ्यासाबरोबर आसपासच्या खेड्यांत सेवाकार्यहि करतात. खेड्यांत उतरलें, कीं मराठीचे चार शब्द शिकल्यावांचून भागत नाहीं. तेथें गांवचें पोर गुरु होतें आणि परदेशीं मुलाला शिष्य व्हावें लागतें.

अशा शाळांना मर्यादा आहेत. शिष्यवृत्त्या मिळत असल्या, तरी जागा थोड्या. निवड होते ती मूठभरांची. परंतु त्यांतील मुख्य तत्त्वाला किल्लाहि लागत नाहीं आणि खाडीहि लागत नाहीं. मुलांना परदेशीं पाठविण्याचा विचार आज पुष्कळ घरांतून होतो. त्या वेळीं शाळेची कीर्ति आणि खर्च यांची चौकशी बारकाईनें केली जाते. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्यावर दुसऱ्या कोणाचें तरी सुखदुःख अवलंबून आहे, असें एखादें काम तेथें मुलाच्या हातीं येणार आहे काय? आणि हाच प्रश्न गल्लींतल्या शाळेला, किंबहुना स्वतःच्या घरालाहि विचारून पाहण्यासारखा आहे.