झाडू की यार्डाचा आराखडा?

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. खलाशी, हमाल, क्रेनवाला. पण पाठीवर गोणी वाहण्याचे दिवस बरेचसे सरले. आज माल वीस आणि चाळीस फुटी कंटेनरमधून येतो. जहाज कोणत्या धक्क्याला लावायचं, कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा, हे संगणकावर ठरतं. बिल ऑफ लेडिंग हा एकच कागद घ्या. तो माल मिळाल्याची पावती असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरचा हक्कही सांगतो. हे समजायला दंडात बळ लागत नाही, शिक्षण लागतं.

ते शिक्षण उपलब्ध आहे. २००८ साली केंद्र सरकारचं भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झालं. मुख्यालय चेन्नईला. तिथे बंदर आणि जहाजवाहतूक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. मग अडतं कुठे? मुलाच्या फीसाठी घरातले दागिने मोडले जातात. मुलीला मात्र विचारतात, "इतक्या लांब कशाला? तिथे सगळे पुरुष!" २०२१ च्या जागतिक अहवालानुसार प्रमाणपत्रधारक दर्यावर्दींत बायका जेमतेम १.२८ टक्के होत्या. बुडत्या होडीतल्या सात मच्छीमारांना वाचवणाऱ्या कॅप्टन राधिका मेनन यांना २०१६ साली आंतरराष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तेव्हा कुवतीचा प्रश्न निकालात निघाला आहे. प्रश्न संधीचा आहे.

उरणजवळ न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, तीही स्थानिक मच्छीमारांच्या अनेक वर्षांच्या विरोधानंतर. विरोध करण्याचा हक्क त्यांचा आहेच, आणि शिक्षणाचं गाजर दाखवून तो कोणी विकत घेऊ नये. पण "रोजगार देऊ" असं सांगणाऱ्यांना आपण विचारलं पाहिजे: कोणाला, आणि कोणता? आमच्या मुलींच्या हाती झाडू देणार की यार्डाचा आराखडा?

म्हणून तीन मागण्या. प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या मुलींना या शिक्षणासाठी पूर्ण फी आणि वसतिगृह हवं. मासळी विकणाऱ्या बाईची नोंद नवऱ्याच्या नावाखाली न होता स्वतंत्र प्रकल्पग्रस्त म्हणून व्हावी. आणि बंदरात रात्रपाळीला वाहन, स्वच्छतागृह आणि २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती हवी, कंत्राटी बायकांसकट सगळ्यांसाठी.

गावोगावच्या गटांनी बारावी झालेल्या मुलींची यादी आजपासूनच करायला घ्यावी. यादी हातात असली की मागणीला वजन येतं.